खाटेपासून दूर, मुदत भरपूर

काही नियम कुठल्याच राजपत्रात छापलेले नसतात, पण पाळले मात्र इमानेइतबारे जातात. अमेरिकेत म्हाताऱ्या आणि अपंग माणसांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करणाऱ्या बायकांनी कोणती माहिती कधी आणि कशी कळवायची, याचे कायदे गेल्या दहा वर्षांत सारखे बदलत आले. हे बदल तारीखवार मांडले की असाच एक न छापलेला नियम हाती लागतो. माहिती देण्यासाठी मिळणारी मुदत ही रुग्णाच्या खाटेपासूनच्या अंतराच्या सम प्रमाणात वाढत जाते. खाटेला टेकून उभ्या असलेल्या बाईला मिनिटं मिळतात, तिला पाठवणाऱ्या एजन्सीला महिने, एजन्सीचं बिल भागवणाऱ्या राज्याला वर्ष. आणि राज्याला तंबी देणाऱ्या वॉशिंग्टनला तर खुद्द तारीखच पुढे सरकवता येते. आता हा नियम थट्टेने मांडला आहे असं कुणी म्हणेल. मांडणी थट्टेची असेल, पण पुरावा सगळा सरकारी आहे. या दोहोंत अंतर फार नसतं, हा भाग वेगळा.

या कारभाराचं मूळ १३ डिसेंबर २०१६ रोजी बराक ओबामांनी सही केलेल्या ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी क्युअर्स ॲक्ट’मध्ये आहे. नावावरून हा दुर्धर रोगांवर रामबाण शोधण्याचा कायदा वाटतो, आणि बराचसा तो तसाच आहे: संशोधनाला पैसा, नव्या औषधांना लवकर परवानगी, असा हजारेक पानांचा ऐवज. त्या ऐवजात १२००६ क्रमांकाचं एक कलम अंग चोरून बसलेलं आहे. गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेतून ज्यांच्या घरी शुश्रूषेला माणूस येतो, तिथल्या प्रत्येक भेटीची इलेक्ट्रॉनिक पडताळणी व्हावी, असं ते सांगतं. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘ईव्हीव्ही’ म्हणतात. सहा गोष्टी नोंदवायच्या: कोणती सेवा, कुणाला, कुणी, कोणत्या तारखेला, कोणत्या ठिकाणी, आणि किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपली. ही व्यवस्था कमीत कमी जाचाची असावी, असं त्याच कलमात लिहिलेलं आहे. रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि सेवा देणाऱ्या बायका यांची मतं घ्यावीत, असंही लिहिलेलं आहे. त्याप्रमाणे मतं घेण्यात आली. मत घेणं आणि मत ऐकणं यांच्यामधलं अंतर मोजणारं ॲप मात्र अजून बाजारात आलेलं नाही.

सहा या आकड्याचं या क्षेत्राशी जुनं नातं आहे. १९६३ साली सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लीव्हलँडमधल्या म्हाताऱ्या रुग्णांचा अभ्यास करून सहा कामांची एक यादी प्रसिद्ध केली: आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर हलणं, मलमूत्रावर ताबा आणि जेवणं. यातलं माणसाला आपलं आपण काय जमतं आणि कशाला हात द्यावा लागतो, यावरून त्याच्या परावलंबनाचं माप घेतात. साठ वर्षं झाली, तरी घरी येणाऱ्या बाईचे तास ठरवायला याच यादीचा किंवा तिच्या भावंडांचा आधार घेतला जातो. कॅट्झच्या सहा गोष्टी वाचल्या की डोळ्यांपुढे एक माणूस येतो, बहुधा आपल्याच घरातला. कायद्याच्या सहा गोष्टी वाचल्या की पार्सलची पावती डोळ्यांपुढे येते: कुणी पोचवलं, कुणाला, कुठे, किती वाजता. आत काय होतं, ते फुटलं की शाबूत राहिलं, हे पावतीला विचारायचं नसतं.

आता ‘कोणती सेवा’ हा रकाना तर आहे, मग आत काय होतं ते कळत नाही असं कसं, ही शंका रास्त आहे. पण त्या रकान्यात बहुतेक वेळा एक सांकेतिक क्रमांक जातो. वैयक्तिक शुश्रूषेसाठी टी-१०१९. एक एकक म्हणजे पंधरा मिनिटं. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना आंघोळ घालायची आहे. समोरची बाई कोण हे आजींना आज आठवत नाही, आणि परक्या बाईने आपले कपडे उतरवावेत हे त्यांना शंभर टक्के अमान्य आहे. त्यात त्यांचं काही चूकही नाही. मग चहा, मग आजींच्या माहेरची चौकशी, मग खिडकीतल्या पक्ष्यांवर चर्चा, आणि पाऊण तासाने आजी स्वतःच म्हणतात की आंघोळ उरकून घेऊ या. आंघोळ दहा मिनिटांत होते. टी-१०१९च्या हिशेबात हा सगळा मामला चार एककांचा. दुसऱ्या घरी आजोबांना दम देऊन पाच मिनिटांत पाण्याखाली बसवलं आणि उरलेला वेळ फोन बघण्यात घालवला, तर तीही चार एककं. दोन्ही नोंदी निर्दोष. मनधरणीला संकेतांक नाही, तसाच दमदाटीलाही नाही. यंत्रणेच्या निःपक्षपातीपणाचं याहून मोठं उदाहरण सापडणार नाही.

नोंद करण्याच्या तऱ्हाही पाहण्यासारख्या आहेत. सगळ्यांत प्रचलित म्हणजे स्मार्टफोनमधलं ॲप: दारात पोचलं की बटण, निघताना बटण, आणि दोन्ही वेळा फोन कुठे आहे ते उपग्रहाला ठाऊक. ज्यांच्याकडे तसा फोन नाही त्यांनी रुग्णाच्या घरच्या तारेच्या फोनवरून एका क्रमांकाला डायल करायचं आणि यंत्राने विचारलेले आकडे दाबायचे. तेही नसेल तर काही राज्यांत क्षणाक्षणाला आकडा बदलणारी एक छोटी डबी मिळते. ती रुग्णाच्या घरातल्या न हलणाऱ्या वस्तूला पट्ट्याने बांधून ठेवायची, म्हणजे ती खिशात घालून कुणी गावभर फिरू नये. वस्तू न हलणारी असावी हा दंडक आहे. ज्याच्यासाठी हा खटाटोप त्या माणसालाही हलता येत नाही, हा योगायोग. आणि एवढं करून अडचणी येतातच. लिफ्टमध्ये नेटवर्क नसतं. फोनची बॅटरी संपते. आल्या आल्या आजोबा जमिनीवर पडलेले दिसले तर शहाणी बाई आधी त्यांना उचलते आणि बटण पाऊण तासाने दाबते. दवाखान्यात नेलं आणि तिथेच वेळ संपली, तर सेवा एका ठिकाणी सुरू होऊन दुसऱ्याच ठिकाणी संपते, आणि यंत्र बुचकळ्यात पडतं. अशा सगळ्या प्रसंगांना यंत्रणेच्या भाषेत ‘अपवाद’ म्हणतात. शुश्रूषा या धंद्यात रोजचं जे काही घडतं, त्यातला मोठा भाग या व्याख्येने अपवादात मोडतो.

प्रत्येक अपवादाचा खुलासा करावा लागतो आणि तो कारणांच्या ठरीव यादीतून निवडावा लागतो. टेक्सासने तर एजन्सींसाठी गुणपत्रिकाच ठेवली आहे: हाताने केलेल्या नोंदी किती, परत आलेल्या नोंदी किती, यावरून दर तिमाहीला गुण काढायचे, आणि शंभरात ऐंशीच्या खाली गेलात की नापास. ऐंशी ही अट कडक वाटते, पण एजन्सीला नोंदी दुरुस्त करायला सेवेच्या दिवसापासून ९५ दिवस दिलेले आहेत. म्हणजे बाईने दारात पाऊल टाकताच दाबायचं बटण चुकलं, तर ते निस्तरायला कचेरीतल्या माणसाला तीन महिने आणि वर चारेक दिवसांची फुरसत. माझ्या नियमातली पहिली दोन अंतरं इथेच मोजून मिळतात. हे लिहिताना टेक्सासवर खार खाण्याचं कारण नाही. ९५ दिवस ही मुदत माणुसकीला धरूनच आहे. फक्त ती माणुसकी उंबऱ्याच्या बाहेर सुरू होते.

पुढची अंतरं मोजायला वॉशिंग्टनला जावं लागतं. मूळ कायद्याने वैयक्तिक शुश्रूषेसाठी १ जानेवारी २०१९ ही तारीख दिली होती आणि घरी येणाऱ्या नर्स वगैरेंच्या वैद्यकीय सेवेसाठी १ जानेवारी २०२३. पहिली तारीख जवळ येऊ लागली तशी कुणाचीच तयारी झालेली नाही असं लक्षात आलं, आणि २०१८ च्या जुलैमध्ये संसदेने आणखी एक कायदा करून ती वर्षभर पुढे नेली. २०२० उजाडलं. तरीही राज्यांची तयारी नव्हती. त्यासाठी कायद्यात आधीच एक खिडकी ठेवलेली होती: राज्याने प्रामाणिक प्रयत्न केला आहे आणि टाळता न येणाऱ्या अडचणींमुळे उशीर झाला आहे, असं दाखवलं की एका वर्षाची सवलत. बहुतेक सगळ्या राज्यांनी अर्ज केले आणि त्यांना ती मिळाली. एवढं करूनही न जमलं तर दंड काय? केंद्राकडून येणाऱ्या वाट्यात सुरुवातीला पाव टक्का कपात, चढत चढत जास्तीत जास्त एक टक्का. ‘प्रामाणिक प्रयत्न केला, पण टाळता न येणारी अडचण आली’ हा खुलासा एका अख्ख्या राज्याला वर्षभर पुरतो. बस चुकलेल्या बाईच्या ॲपमध्ये तो पर्याय आहे का, हे त्या त्या राज्याच्या कारणांच्या यादीवर अवलंबून आहे.

मराठी वाचकाला हे सारं फार परकं वाटू नये. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी माहिती भरण्यासाठी सरकारने दिलेले मोबाइल गठ्ठ्याने परत केले होते. फोन कमी ताकदीचे, वारंवार बिघडणारे, आणि पोषण ट्रॅकर ॲपचा कारभार इंग्रजीतून, अशी त्यांची तक्रार होती. अमेरिकेतल्या बाईला फोन परत करायचीही सोय नाही, कारण तो पुष्कळदा तिचा स्वतःचाच असतो.

कॅलिफोर्नियाची गोष्ट इथे जरा सविस्तर सांगायला हवी, कारण जाच कमी करण्याचा प्रयत्न तिथे बराचसा मनापासून झाला. तिथल्या घरपोच सेवा योजनेत काम करणारे बहुसंख्य लोक रुग्णाचे नातेवाईकच आहेत: आईसाठी मुलगी, मुलासाठी आई. अपंगांच्या आणि कामगारांच्या संघटनांनी उपग्रहाद्वारे पाळत ठेवायला कडाडून विरोध केला. गुन्हेगाराच्या घोट्याला बांधतात तसलं कडं आमच्या फोनमध्ये नको, असा त्यांचा सूर होता. राज्याने ते ऐकलं आणि वेबसाइटवर किंवा फोनवर वेळा भरण्याचा सौम्य मार्ग निवडला. केंद्राने सांगितलं, हे चालणार नाही. स्थळ आणि वेळ त्या क्षणी, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने टिपली गेली पाहिजे. दंड बसू लागला. अखेर १ जुलै २०२३ पासून, रुग्णाच्या घरात न राहणाऱ्या सेविकांनी दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी हजेरी द्यावी असं ठरलं. ॲप विचारतं: तुम्ही ‘घरी’ आहात की ‘समाजात’? घरी म्हटलं की जागा टिपली जाते, समाजात म्हटलं की नाही. अखिल मानवी जीवनाची दोन बटणांत इतकी सुटसुटीत वाटणी आपल्या आश्रमव्यवस्थेलाही जमली नव्हती. तिला चार लागली. रुग्णाच्याच घरात राहणाऱ्या मुलीला हजेरीची ही सक्ती नाही, पण काम किती वाजता सुरू झालं आणि किती वाजता संपलं, हे तिलाही भरावं लागतं. आईची सेवा किती वाजता संपते, या प्रश्नावर मुली काय लिहितात ते राज्याकडे नोंदलेलं आहे.

आता मुख्य आक्षेप. पैसा जनतेचा आहे आणि त्यात चोरी होते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. अमेरिकी आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये वैयक्तिक शुश्रूषेवर एक अहवाल काढला, त्यात या क्षेत्रातली बिलं कशी येतात याचं वर्णन आहे. कित्येक बिलांत अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत एवढाच उल्लेख असे. नेमकं कोणत्या दिवशी कोण आलं होतं, याचा पत्ता नसे. रुग्ण इस्पितळात असताना त्याला घरी आंघोळ घातल्याची बिलं निघत. म्हणून महानिरीक्षकांनी सुचवलं की बिलात नेमकी तारीख आणि सेविकेची ओळख असावी. एवढी मागणी कुणाही किराणा दुकानदाराने आपल्या उधारीच्या वहीकडून केली असती. तेव्हा हजेरी नकोच, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. चित्रगुप्ताची वही असायलाच हवी. त्या वहीत फक्त एकाच जातीच्या प्राण्यांची खाती का, एवढाच प्रश्न आहे.

कारण ही चोरी नेमकी कोण, किती करतं, हे पाहिलं की गंमत सुरू होते. मेडिकेडमधली लबाडी पकडायला राज्याराज्यांत खास पथकं आहेत आणि त्यांचे वार्षिक अहवाल निघतात. वर्षानुवर्षं त्या अहवालांत दोन गोष्टी शेजारी शेजारी आढळतात. फसवणुकीसाठी शिक्षा झालेल्यांची डोकी मोजली तर वैयक्तिक शुश्रूषा करणाऱ्या सेविका आणि त्यांच्या एजन्सी सर्वांत पुढे. दिवाणी तडजोडींत वसूल झालेले डॉलर मोजले तर वर्षामागून वर्षं औषध कंपन्यांचाच वाटा मोठा. म्हणजे डोकी एका टोकाला आणि पैसा दुसऱ्या टोकाला. औषध कंपन्यांच्या विक्री अधिकाऱ्याने डॉक्टरांच्या दारात पोचल्यावर बटण दाबावं आणि निघताना पुन्हा दाबावं, अशी सूचना कुणी केल्याचं ऐकिवात नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं इथे सरसकट म्हणता येणार नाही, कारण संन्याशांतही काही चोर निघालेच आहेत. पण सुळी तेवढी संन्याशाच्या उंचीची बनवून घेतलेली आहे.

शिवाय या यंत्राने कोणती चोरी पकडली जाते? जी बाई आलीच नाही तिची. ही चोरी खरी आहे आणि ती पकडली जाते. ते श्रेय यंत्राला द्यायला हवं. पण रुग्ण आणि सेविका यांचं संगनमत असेल, तर दोघं मिळून वेळेवर बटण दाबतात. येऊन नुसती बसून राहणारी बाई वेळेवर बटण दाबते. किंबहुना, ज्याला बटण दाबण्यापलीकडे दुसरं काही करायचंच नाही त्याची नोंद सगळ्यांत स्वच्छ निघणार, यात नवल काय? गोंधळ होतो तो कामात गुंतलेल्यांचा. ‘डेटा अँड सोसायटी’ या न्यूयॉर्कच्या संशोधन संस्थेसाठी अलेक्झांड्रा मातीस्कू यांनी २०२१ मध्ये या विषयावर अहवाल लिहिला. घराबाहेर पडलं तर नोंद संशयास्पद ठरेल या धास्तीने लोक बाहेर जाणं टाळतात, तांत्रिक घोळ निस्तरण्यात सेविकांचे बिनपगारी तास जातात, असे अनुभव त्यात नोंदवलेले आहेत. वास्तविक भेटीच्या मधल्या काळात माग ठेवा असं केंद्र म्हणत नाही. सुरुवातीचं आणि शेवटचं ठिकाण त्याला पुरतं. उपग्रहाची सक्तीही केंद्राची नाही. पण हे स्पष्टीकरण सरकारी प्रश्नोत्तरांत असतं आणि बाईच्या हातात असतं ते ॲप. अपंगांना संस्थांच्या भिंतींतून बाहेर काढून चारचौघांत जगता यावं म्हणून जी घरपोच सेवा उभी राहिली, तिच्या हजेरीसाठी त्यांनी घरातच थांबलेलं बरं, असा हा निष्कर्ष.

दुसरा आक्षेप रुग्णाच्या सुरक्षिततेचा आहे. बाई आली नाही तर खाटेवरच्या माणसाचं काय? यंत्रणा असेल तर एजन्सीला लगेच सूचना मिळते. मिळते खरी. पण आज कुणी आलेलं नाही, ही बातमी खाटेवर पडलेल्या माणसाला यंत्राच्या आधीच कळलेली असते. त्याला हवी असते दुसरी बाई. आणि दुसरी बाई नसते, कारण या कामाचा मधला पगार २०२४ मध्ये वर्षाला साधारण ३५,००० डॉलर होता, आणि तेवढ्यात गोदामात खोकी उचलायचं काम मिळत असेल तर खोकी निदान रात्री दोनला हाक मारत नाहीत. माणसं टिकत नाहीत हे या धंद्याचं जुनं दुखणं. त्यावर ती आली की नाही हे अधिक काटेकोरपणे टिपणं, हा उपाय सुचायला खाटेपासून बरंच दूर असावं लागतं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत चांगला आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो. नोंद ही कामगाराच्याही फायद्याची असते. मिनिटामिनिटाचा हिशेब असेल तर पगार बुडवणाऱ्या एजन्सीपुढे तोच पुरावा ठेवता येईल. तत्त्व म्हणून हे मला पूर्ण मान्य आहे. मग न्यूयॉर्कमध्ये बघू या. तिथे चोवीस तासांच्या पाळीला घरी थांबणाऱ्या सेविकेला तेरा तासांचा पगार दिला तरी चालतो. हिशेब असा: आठ तास झोप, त्यातले पाच सलग, आणि तीन तास जेवणाचे. झोप मोडली तर मात्र पूर्ण पगार द्यावा लागतो. आता दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागणाऱ्या माणसाजवळ पाच तास सलग झोपणं हे योगसाधनेतलंच काम. पण मार्च २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा हिशेब ग्राह्य धरला. तिथल्या भांडणाचा गाभा असा की झोप मोडल्याची नोंद बहुधा कुठे नसते. कायद्याच्या सहा गोष्टींत ‘कितीदा उठावं लागलं’ ही सातवी नाही. दारातून आत आल्याचा क्षण सेकंदासकट ठाऊक असलेल्या यंत्राला झोपेचे आणि जेवणाचे अकरा तास एकदम ऐकू येईनासं होतं.

हा बहिरेपणा नवा नाही. अमेरिकेत किमान वेतन आणि जादा तासांचा कायदा १९३८ चा. घरकामगार त्यात १९७४ मध्ये आले, आणि त्याच दुरुस्तीने म्हाताऱ्यांना ‘सोबत’ करणाऱ्यांना बाहेर ठेवलं गेलं. अधूनमधून शेजारच्यांची मुलं सांभाळणाऱ्या पोरींच्या बरोबरीने. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या एव्हलिन कोक यांनी वीसएक वर्षं हे काम केलं होतं. जादा तासांचा पगार मिळावा म्हणून त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि २००७ मध्ये न्यायालयाने एकमताने निकाल दिला, त्यांच्या विरुद्ध. २००९ मध्ये त्या वारल्या. एजन्सीतर्फे जाणाऱ्या सेविकांना ते संरक्षण देणारा नियम मजूर खात्याने २०१३ मध्ये केला, आणि तो कोर्टकचेऱ्या होऊन २०१५ मध्ये लागू झाला. दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. या कामाचे तास पगारासाठी मोजावेत हे ठरायला १९७४ पासून चाळीस वर्षं लागली. तेच तास बिलासाठी मोजावेत हे त्यानंतर जेमतेम वर्षभरात ठरलं.

एप्रिल २०२४ मध्ये मात्र एक चमत्कार झाला: केंद्राने पहिल्यांदाच प्रश्न उलटा विचारला. मेडिकेडमधून या सेवांसाठी मिळणाऱ्या पैशातला किती भाग प्रत्यक्ष सेविकांच्या पगारात आणि लाभांत जातो, हे कळवा. आणि पुढे तो निदान ८० टक्के असला पाहिजे. प्रशिक्षण, प्रवास आणि हातमोजे-मास्क यांचा खर्च हिशेबातून वेगळा काढायची मुभा दिली. मागणी फार मोठी नव्हती. बाई कुठे आहे हे उपग्रहातून पाहता येतं, तर डॉलर कुठे गेला हे जमाखर्चातून दिसायला काय हरकत आहे? हरकत होती. एजन्सींच्या संघटनांनी सांगितलं की ही माहिती गोळा करणं जाचक आहे. हिशेबाची यंत्रणा उभारायला वेळ लागतो, प्रत्येक ठिकाणची परिस्थिती वेगळी असते, एकच माप सगळ्यांना लावता येत नाही. हे वाचताना ऊर भरून येतो. बटण दाबायला लावलेल्या बायका आणि त्यांचे रुग्ण आठ वर्षं हेच सांगत होते, जवळजवळ याच शब्दांत.

फरक एवढाच की या वेळी ते ऐकलं गेलं. ८० टक्क्यांच्या अटीसाठी मसुद्यात चार वर्षं होती, अंतिम नियमात सहा झाली. नुसती टक्केवारी कळवायला राज्यांना २०२८ पर्यंत मुदत, पाळायला २०३० पर्यंत. छोट्या एजन्सींना आणि अडचणीतल्या एजन्सींना वेगळी सवलत. यातली एकेक सवलत सुटी घेतली तर समंजस आहे. छोट्या एजन्सीचा हिशेबनीस म्हणजे पुष्कळदा मालकिणीचा मुलगाच असतो, आणि ग्रामीण भागात दोन घरांमधलं अंतर तासाभराचं असतं. माझा आक्षेप समंजसपणाला नाही. तो इतका उपलब्ध आहे हे २०१६ मध्ये कुणालाच कसं आठवलं नाही, याचं मला कुतूहल आहे. ८० टक्क्यांची अट चुकीची असूही शकते. कमी दर देणाऱ्या राज्यांत तिच्यामुळे एजन्सी बंद पडतील हा मुद्दा खोडून काढण्यासारखा नाही, आणि दर वाढवल्याशिवाय नुसती टक्केवारी बांधून पगार वाढत नाहीत हे गणित कुणालाही कळतं. पण अट चुकीची असली तरी माहिती चुकीची ठरत नाही. किती टक्के जातात ते आधी सांगा, मग अट ठरवू, असं म्हणता आलं असतं. बाईच्या बाबतीत आधी बटण आणि मग चर्चा, असा क्रम लागला होता.

हजेरीची यंत्रं आणखी सुधारतील, बटणंही जातील, फोन आपसूक ओळखेल की बाई दारात आली, असा एक आशावाद अधूनमधून ऐकू येतो. तसं होईलही. पण खाटेजवळच्या टोकाला यंत्र जितकं सुधारेल तितकं माझ्या नियमातलं गुणोत्तर वाढेल. मिनिटांचे सेकंद होतील, आणि दुसऱ्या टोकाची वर्षं तशीच राहतील. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या मजूर खात्याने एक नवा प्रस्ताव मांडला: २०१३ चा नियम मागे घ्यावा आणि एजन्सीतर्फे घरी जाणाऱ्या सेविकांना किमान वेतनाच्या आणि जादा तासांच्या केंद्रीय संरक्षणातून पुन्हा वगळायची मोकळीक द्यावी, म्हणजे कोकबाईंच्या खटल्याच्या वेळची स्थिती परत आणावी. नियमांचा जाच कमी करणं हा त्यामागचा उद्देश असल्याचं खात्याने म्हटलं आहे. आठवड्याचा एकेचाळिसावा तास कुठे, कधी, कुणाच्या घरी सुरू झाला हे ईव्हीव्हीमुळे आता बिनचूक सांगता येतं. त्याचे दीडपट पैसे द्यावेत की नाही, एवढंच काय ते या प्रस्तावाने पुन्हा खुलं केलं आहे. बटणाचा कायदा वेगळा, त्याला या प्रस्तावात हात लावलेला नाही.